मनोरीच्या वाऱ्यात केस खरं बोलतात

शनिवारची दुपार. मालाड वेस्टच्या एखाद्या एसी सलूनमधून तुम्ही बाहेर पडताय. केस मस्तपैकी धुतलेले, ड्रायरने बसवलेले, वर बोटभर वॅक्स. शेजारच्या मोबाइलच्या दुकानाच्या काचेत तुम्ही स्वतःकडे एकदा बघता, मग काहीतरी विसरल्यासारखं करून परत एकदा बघता. बॉस, एकदम हीरो!

आता एक काम करा. घरी जाऊ नका. स्टेशनबाहेरून मार्वेची बस पकडा, नाहीतर रिक्षा करा. मार्वेच्या धक्क्यावर उतरा आणि समोर लागलेल्या मनोरीच्या फेरीबोटीत जाऊन उभे राहा. बसायला जागा मिळाली तरी उभेच राहा, कडेला, वाऱ्याच्या तोंडाला. बोटीत स्कूटर असतात, मासळीच्या पाट्या असतात, कॉलेजची पोरं असतात, आठवड्याचा बाजार घेऊन परत निघालेल्या मावश्या असतात. खाडी ओलांडायला पाचेक मिनिटं लागतात. पलीकडे उतरल्यावर मोबाइलचा कॅमेरा स्वतःकडे वळवा आणि बघा.

जे दिसेल, ते तुमचे केस. मघाशी काचेत दिसले ते सलूनवाल्याचे.

आमच्या ऑफिसात याला ‘मनोरी टेस्ट’ म्हणतात. सुरुवात मस्करीत झाली, पण यात दम आहे. शहरातल्या मुलामुलींना स्वतःच्या केसांचा खरा स्वभाव माहीतच नसतो. एसी घर, एसी कॅब, एसी ऑफिस, मध्ये हेल्मेट. त्यात आठवड्यातून तीनदा स्ट्रेटनर. अशा केसांना कोणता कट जमेल हे तुम्हालाच ठाऊक नसेल, तर तुम्ही कोणत्या खुर्चीत बसावं हे कोण सांगणार?

केस म्हणजे हवामान खातं

थोडं शास्त्र, घाबरू नका. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याचा आकार दोन प्रकारच्या बंधांवर टिकतो. एक पक्के, गंधकाचे. पार्लरमध्ये पर्मिंग किंवा कायमचं स्ट्रेटनिंग करतात तेव्हा केमिकलने हेच तोडून नव्याने जोडतात. दुसरे कच्चे, हायड्रोजनचे. हे पाणी लागलं की सुटतात आणि केस वाळला की ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. ड्रायरचा फंडा एवढाच. ओला केस ओढून सरळ केला आणि तसाच वाळवला, की तो सरळ राहतो. हवेतला दमटपणा आत शिरेपर्यंत! मुंबईत तो शिरायला किती वेळ लागतो, ते जूनमध्ये स्ट्रेटनिंगवर पैसे घालवलेल्या कुठल्याही मुलीला विचारा.

गंमत म्हणजे केसांची ही खोड माणसाने यंत्रात वापरली. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३च्या सुमारास हवेतला ओलावा मोजायचं उपकरण बनवलं आणि त्यात चक्क माणसाचा केस ताणून बसवला. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो. अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत हा फरक साधारण दोन-अडीच टक्क्यांचा. तेवढ्यावर काटा हलतो. पुढे कितीतरी वर्षं वेधशाळांमध्ये हे केसांचे हायग्रोमीटर चालले. म्हणजे मनोरीच्या धक्क्यावर तुमच्या डोक्यावर हजारो काटे एकदम हलत असतात, आणि तुम्ही म्हणता, ‘शी, आज केस बसतच नाहीयेत.’

२०२०च्या लॉकडाउनमध्ये ही टेस्ट अख्ख्या महाराष्ट्राने न ठरवता दिली. मार्चमध्ये सलून बंद झाली ती २८ जूनला उघडली. तीही फक्त केस कापायला, दाढीला परवानगी नव्हती. तीन महिने केस वाढले, ड्रायर नाही, पार्लर नाही. आणि कितीतरी जणांना वयाच्या तिशीत कळलं, की अरे, आपले केस सरळ नाहीतच! आयुष्यभर बारीक कापल्यामुळे त्यांना वळायला जागाच मिळाली नव्हती.

धक्क्यापासून आत

मनोरीला पोचलाच आहात तर गाव बघून घ्या. बोटीतून उतरलेली पब्लिक सरळ रिसॉर्ट गाठते आणि रात्री परत येते. त्यांनी मनोरी पाहिली असं मी धरत नाही. महापालिकेच्या हद्दीतलं हे गाव आहे, पण बोटीने न येता रस्त्यानेच यायचं म्हटलं तर भाईंदर-उत्तनवरून भला मोठा वळसा पडतो. मनोरी, गोराई, उत्तन या सगळ्या पट्ट्याचं जुनं नाव धारावी बेट. सायन-माहीमच्या धारावीशी त्याचा काही संबंध नाही, नाव ऐकून गोंधळ मात्र दरवेळी होतो. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरं, ओट्याची, कौलारू, मधूनच एखादं नवं सिमेंटचं. वाटेवर क्रूस, त्याला झेंडूचा हार. बांबूच्या मांडवावर सुकत घातलेले बोंबील. ज्यांना वास सहन होत नाही त्यांनी तिथून भराभर चालावं. मला तो आवडतो.

किनारा गोव्यासारखा सोनेरी वगैरे नाही. वाळू काळपट, ओहोटीला खडक उघडे पडतात. पण रविवार सोडून गेलात तर गर्दी नसते, आणि आपल्याला आज फोटो वाळूचे नाही, केसांचे काढायचे आहेत.

तर टेस्टची रीत अशी. सकाळी घरी केस साध्या शाम्पूने धुवा. कंडिशनर नाही, तेल नाही, जेल नाही. ड्रायर तर नाहीच. केस वाऱ्यावर वाळू द्या आणि बोट पकडा. मनोरीत तासभर भटका. मग मित्राला सांगा, समोरून, बाजूने आणि डोक्याच्या मागून फोटो काढ. मागून नक्की काढायचा! तुमचं डोकं मागून कसं दिसतं हे ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत असतं, फक्त तुम्हाला नसतं. हे सगळं समुद्रात शिरायच्या आधी. एकदा खारं पाणी लागलं की मिठाने केस राठ होतात, फुगतात, वळणं जास्त दिसतात. तोच इफेक्ट ‘सी सॉल्ट स्प्रे’ म्हणून मॉलमध्ये बाटलीत भरून विकतात. इथे फुकट आहे, पण टेस्टमध्ये धरायचा नाही. पावसाळ्यात तर पाण्यात जाऊच नका, आणि हवा खराब असेल तर बोटी बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करूनच निघा.

पोत वेगळा, दाटपणा वेगळा

फोटोत काय बघायचं? पहिलं म्हणजे वळण. सरळ, लाटांसारखे, कुरळे की अगदी स्प्रिंग. जगभरच्या सलूनमध्ये एक ते चार अशा नंबरांची जी भाषा चालते, ती ओप्रा विन्फ्रीचे हेअरस्टायलिस्ट आंद्रे वॉकर यांनी रूढ केली. तुम्हाला नंबर पाठ करायची गरज नाही. एवढंच बघा, की टाळूपासून निघालेला केस किती अंतरावर वळायला लागतो.

दुसरं, ज्याच्यात सगळे गल्लत करतात. एक केस जाड आहे की बारीक, हा पोत. डोक्यावर एकूण केस किती, हा दाटपणा. दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या. एखाद्याचे केस रेशमासारखे बारीक, पण संख्येने इतके की कंगवा अडकावा. एखाद्याचे मोजकेच, पण एकेक केस ब्रशच्या तारेसारखा राठ. पोत बघायला गळलेला एक केस दोन बोटांत धरून फिरवा. हाताला काहीच लागत नसेल तर बारीक, शिवायच्या दोऱ्यासारखा लागला तर जाड. दाटपणा बघायला आरशासमोर भांग पाडा आणि भांगाच्या बाजूला टाळू किती दिसते ते बघा.

तिसरा, भोवरा. आजी सांगायची, दोन भोवरे असले की दोन बायका. ते राहू द्या, पण दोन भोवऱ्यांच्या डोक्याला न्हावी हुशारच लागतो, हे मात्र शंभर टक्के खरं! भोवऱ्यावर केस फार बारीक केले की ते ताठ उभे राहतात आणि मग जेल लावा, पाणी लावा, देवाला साकडं घाला, बसत नाहीत. तिथे लांबी ठेवावी लागते. काहींचा भोवरा कपाळावर असतो. त्यांनी समोर झुलती बट ठेवायचा हट्ट सोडावा, किंवा ती कुठल्या बाजूला पडायची ते भोवऱ्याला ठरवू द्यावं.

आता आपल्याकडची सगळ्यात कॉमन केस घ्या. मुलगा, सरळ, राठ, दाट केस. हा ‘मीडियम कर’ म्हणतो. न्हावी सगळीकडून दोन-अडीच सेंटिमीटर ठेवतो आणि चार दिवसांनी मुलाचं साळिंदर होतं. कारण राठ सरळ केसाला खाली पडायला वजन लागतं. एवढ्या आखूड केसाला ते नसतं, मग तो बाहेरच्या बाजूला उभा राहतो. अशा केसांना दोनच रस्ते. एकतर बाजू मशीनने खरंच बारीक, नाहीतर पुरेशी लांबी. मधलं काही नाही. शिवाय सरळ केसात कात्रीची प्रत्येक चूक पायरीसारखी दिसते. म्हणून अशा डोक्याला कंगव्यावर कात्री चालवण्यात ज्याचा हात बसलेला आहे तोच माणूस हवा. त्याचं सलून चकाचक नसलं तरी चालेल.

बारीक, विरळ केसवाल्यांचा शत्रू वेगळा, दातेरी कात्री. जिने केस ‘हलके’ करतात ती. दाट केसांना ती वरदान आहे. पण आधीच हलक्या केसांवर कोणी सवयीने ती चालवायला लागला तर हात धरून थांबवा. तुम्हाला सरळ, बोथट कडा हवी, तिनेच केस भरलेले दिसतात.

आणि कुरळे. माझ्या मते आपल्या शहरातल्या सलूननी सगळ्यात जास्त अन्याय केलाय तो कुरळ्या केसांवर. लहानपणापासून एकच वाक्य, ‘कुरळे आहेत ना, बारीकच करून टाकू.’ मुलींना दुसरं वाक्य, ‘मॅडम, स्मूदनिंग करून घ्या ना.’ कुरळा केस ओला करून विंचरला की तो लांब होतो, आणि वाळला की स्प्रिंगसारखा वर जातो. ओला असताना खांद्यापर्यंत कापलेला केस वाळल्यावर कानाशी येऊ शकतो. त्यातही पुढची बट जास्त आखडते, मागची कमी. म्हणून कुरळे केस शक्यतो कोरडे, जसे पडतात तसेच कापायचे. निदान कोरडे असताना नीट बघून, मग ओले करून, मग वाळवून पुन्हा बघायचं. लॉरेन मॅसी या हेअरस्टायलिस्टचं कुरळ्या केसांवरचं पुस्तक २००१मध्ये आलं. तेव्हापासून जगभर हा विचार पसरला आणि आता आपल्याकडेही कुरळ्या केसांचेच कट करणारे लोक आहेत. पैसे जास्त घेतात. वर्षातून दोनदा त्यांच्याकडे जा, मधली निगा घरी करा. हिशेब जमतो.

फोटो कुणाचा दाखवताय?

१९६०मध्ये ‘लव्ह इन सिमला’ आला आणि देशभरच्या मुलींनी कपाळावर साधना कट सोडला. पण तो कट मुळात साधनाचं रुंद कपाळ झाकायला केलेला होता. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना ऑड्री हेपबर्नची बट आठवली आणि काम झालं. म्हणजे एका कपाळाची अडचण सोडवायला काढलेली युक्ती कोट्यवधी वेगवेगळ्या कपाळांवर चढली!

मग २००१ला ‘दिल चाहता है’. त्यातले कट अधुना भबानींचे. आमिरचे छोटे, उभे केस ऑफिसला जाणाऱ्या मुलांनी उचलले आणि ते आपल्याकडच्या राठ, सरळ केसांना खरोखर शोभले, कारण उभं राहणं हा या केसांचा मूळ धर्म. दोन वर्षांनी ‘तेरे नाम’. मधला भांग, दोन्ही बाजूंना पडदे. त्याला सरळ आणि वजनदार केस लागतात. लाटांसारखे केस असलेल्या मुलांनी तो ठेवला आणि पडद्यांचे पंखे झाले. मग धोनीचे लांब केस. २००६मध्ये लाहोरला मुशर्रफ यांनी जाहीरपणे ‘कापू नकोस’ म्हणून सल्ला दिला होता, आठवतंय? मग २००८चा ‘गजनी’.

मुद्दा असा, की स्टारचा फोटो न्हाव्याला दाखवायला हरकत नाही, पण तुमच्यासारखे केस असलेल्या स्टारचा दाखवा. त्याहून उत्तम म्हणजे तुमचाच जुना फोटो, ज्या दिवशी केस सॉलिड दिसत होते त्या दिवसाचा. आणि सोबत मनोरीचे ते तीन. एवढ्यावर चांगल्या कारागिराला सगळं कळतं.

ही निवड नेहमीच नव्हती

कुठे केस कापायचे हे ठरवणं आज आपल्याला रेस्टॉरंट निवडण्यासारखं वाटतं. गावगाड्यात ते तसं नव्हतं. न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक, घरं ठरलेली, वर्षाचं धान्य ठरलेलं. धोकटी घेऊन तो दारी येई. दाढी-हजामत करी, तुंबड्या लावी, लग्नाचा निरोप पोचवी. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण त्यातूनच आली. माणसाच्या गळ्याशी वस्तरा धरायचा म्हणजे विश्वास लागतो. अफझलखानाच्या भेटीवेळचा जिवा महाला आणि पन्हाळ्याहून निसटताना महाराजांचं सोंग घेऊन मरण पत्करणारा शिवा काशीद, दोघेही नाभिक समाजातले मानले जातात.

पण त्याच गावगाड्यात काहींच्या डोक्याला वस्तरा लागतच नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणाच्या आठवणींत लिहून ठेवलंय, की साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते आणि पैसे द्यायची ऐपतही होती, पण अस्पृश्याच्या मुलाचे केस कापायला एकही तयार नसे. मोठी बहीण भावांचे केस कापायची आणि करून करून त्यात पटाईत झाली होती. दुसऱ्या बाजूला काहींच्या डोक्यावर तो जबरदस्तीने फिरे, विधवांच्या. १८९०मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवली आणि ठरवलं, की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. आपल्या रोजीरोटीचा एक भाग त्यांनी आपणहून सोडला. पुढच्या वेळी सलूनमध्ये नंबर लावून मासिक चाळत बसाल तेव्हा हे आठवा. त्या खुर्चीत कोणीही बसू शकतो, नाव-आडनाव न सांगता. हे या शहराने दिलंय, आणि फार जुनं नाहीये.

अजून पूर्ण झालेलंही नाहीये. आखूड केस ठेवणाऱ्या मुलींना विचारा. मानेवर मशीन फिरवून हवी असते, ते काम कोपऱ्यावरच्या जेन्ट्स सलूनमधला माणूस डोळे मिटून करेल. पण आत पाऊल टाकलं की ‘लेडीज नाही, मॅडम’. आणि लेडीज पार्लरमध्ये त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात, वर विचारतात, ‘नक्की ना? घरी विचारलंत ना?’ अशांसाठी एकच मार्ग. दुपारच्या निवांत वेळी जा, मालकाशी स्वतः बोला, फोटो दाखवा. नाहीतर युनिसेक्स सलूनमध्ये फेड करणारा मुलगा कोण, त्याचं नाव विचारून घ्या आणि त्यालाच मागा.

खुर्चीच्या आधीची दहा मिनिटं

सलून निवडू नका, हात निवडा. पाटी तीच, एसी तोच, पण पहिल्या खुर्चीवरचा आणि तिसऱ्या खुर्चीवरचा माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्यांदा जाल तेव्हा मुद्दाम गर्दीच्या वेळी जा आणि नुसते बसा. कोण कोणासाठी थांबलंय ते बघा. एक खुर्ची रिकामी असून दोघं-तिघं जर ‘आम्ही यांच्यासाठी थांबतो’ म्हणत असतील, तर तुमचा माणूस सापडला. उठून जाणाऱ्या गिऱ्हाइकांत तुमच्यासारख्या केसांचं कोणी आहे का ते बघा. असेल तर त्याच्या मानेवरची कड आणि कानामागचा भाग न्याहाळा. समोरून सगळेच बरे दिसतात.

मग त्याने पहिला हात कशाला घातला ते बघा. बसल्या बसल्या पाण्याचा फवारा मारून जो कात्री उचलतो, त्याने तुमचे केस बघितलेच नाहीत. पाणी मारलं की सगळ्यांचेच सरळ! चांगला कारागीर आधी कोरड्या केसांत बोटं घालतो, भोवरा शोधतो, दोन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारा, ‘काका, माझा भोवरा बघा ना, इथे किती ठेवाल?’ यावर काका जर ‘तुम्ही सांगाल तेवढं’ म्हणाले तर जरा जपून. ‘इथे बारीक नको, उभे राहतील’ म्हणाले, तर निवांत मान टाका.

बोलताना ‘मीडियम’, ‘थोडे’, ‘बरे दिसतील असे’ हे शब्द वर्ज्य. बोटांनी दाखवा. मशीनचा नंबर सांगा. एक नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे ९-१०, चार म्हणजे १२-१३. डोक्यावरचा केस महिन्याला सेंटिमीटरभर, फार तर सव्वा सेंटिमीटर वाढतो. यावरून तुमच्या कटचं आयुष्य तुम्हीच काढा. बाजू एक नंबरवर घेतल्या तर तीन आठवड्यांत परत यावं लागेल. तेवढा वेळ आणि पैसा नसेल तर फेडच्या नादाला लागू नका. वस्तऱ्याला नवीन ब्लेड लावलंय ना, हे डोळ्यांनी बघा. त्यात कोणाला राग येत नाही. पहिल्याच भेटीत नवी स्टाइल मागू नका, फक्त आकार नीट करून घ्या. हाताची परीक्षा त्यातही होते. आणि निकाल सलूनच्या आरशात लावू नका. घरी दोनदा डोकं धुतल्यावर, स्वतःच्या हाताने विंचरल्यावर जे दिसतं ते मार्क. शक्य असेल तर पुन्हा मार्वे, पुन्हा बोट.

केस विरळ होऊ लागले असतील तर अजून एक. या बाबतीत खरं बोलणारा न्हावी मिळणं हे भाग्य. घरचे बोलत नाहीत, मित्र फक्त हसतात. जो सांगेल, ‘साहेब, बाजूचे कमी करू, मग वरचे जास्त दिसतील’ आणि गळतीवरचं तेल विकायला काढणार नाही, त्याला सोडू नका. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ओढलेली ती एकुलती एक बट तर मनोरीच्या बोटीत दहा सेकंद टिकत नाही.

आणि जुन्या काकांचं काय? हा प्रश्न कुठलाच ग्रूमिंग गाइड घेत नाही. बिल्डिंगखालचे, ज्यांनी तुमचं जावळ काढताना मामाच्या मांडीवर तुम्हाला रडताना बघितलंय, दहावीच्या निकालाला पेढा खाल्लाय. त्यांच्या दुकानावरून दुसरीकडे कापलेले केस घेऊन रोज स्टेशनला जायचं, हे बिल्डिंगमधून सोसायटीची मीटिंग चुकवून निघण्यापेक्षा अवघड आहे. टोपी घालून जाणारे महाभाग मला माहीत आहेत. टोपी नको. दाढीला त्यांच्याकडेच जा, कल्ले आणि मान त्यांच्याकडेच करून घ्या. वस्तऱ्याचा तसा हात नव्या मुलांना अजून यायचाय. ते विचारतीलच, ‘काय रे, केस कुठे कापलेस?’ सरळ सांगा. ते तुमची मान पुढे वाकवतील, मागची कड निरखतील, ‘हं’ म्हणतील आणि वस्तऱ्याच्या दोन फटक्यांत ती सरळ करून देतील. त्याचे पैसे घेणार नाहीत. तरी द्या.